झाडून घेतलेलं शेत

“पण मेलेली अळी आणखी काय करणार, मॅडम?”

शंतनू उमाळे दारातच उभा होता. कृषी विद्यापीठाचा सुवर्णपदकवाला. पाठीवर फवारणीचा पंप, भरलेला.

नलिनी काळमेघ वळल्या नाहीत. कीटकशास्त्राच्या निवृत्त विभागप्रमुख. आता विद्यापीठाच्या कुंपणाला लागून दोन खोल्यांत सोयाबीनचे पदार्थ करत. सोयापनीर, सोयादूध, आणि टेंपे, म्हणजे शिजवलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवून बांधलेली वडी. खाणारे थोडे. नावं ठेवणारे बरेच.

“नीट सांग. काय केलंस?”

“सोयाबीनवर औषध मारलं नव्हतं. अळीला मारणारी बुरशी तेवढी सोडली. अळ्या मरायला लागल्या. पानोपानी चिकटलेल्या, पांढऱ्या, खडूसारख्या कडक.”

“मग?”

“उद्या प्रबंधाची समिती शेत बघायला येतेय. सगळीकडे मढी... कसंतरीच दिसत होतं. मोजून घेतल्या, वेचल्या, जाळल्या.”

“मग?”

“मग जिवंत वाढल्या. पानांची चाळण झालीय. आता औषध फवारू का, तेवढं सांगा.”

“मला कशाला विचारतोस?”

“निवृत्त झालात तरी प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून तुमचीच सही लागते.”

“फवारलंस तर?”

“उद्या शेत स्वच्छ. समिती खूश. पदवी हातात.”

“आणि प्रबंधाचं नाव काय?”

“‘विषारी फवारणीशिवाय सोयाबीनवरील...’”

त्याने पंपाचा पट्टा खांद्यावर सरकवला.

समितीत तीन म्हातारे होते. त्यांच्या बुटांना शेवटची माती कधी लागली, कुणालाच आठवत नव्हतं. शाल-श्रीफळ मात्र ते आठवणीने घेत.

“तुमचं काय जातंय म्हणा,” शंतनू म्हणाला. “खुर्चीत होता तेव्हा तुम्हीच ओरडायचात, पाहुणे यायच्या आत शेत झाडून घ्या म्हणून.”

“ओरडायचे.”

एवढंच. लाज वाटली असेल, तर चेहऱ्यावर दिसली नाही.

परातीत शिजवून निवलेलं सोयाबीन पसरलं होतं. मॅडमनी फडताळातून टेंपेची जुनी वडी काढली. तिच्यावरची बुरशी काळी पडली होती. त्यांनी ती हातात घेतली आणि ताज्या दाण्यांवर चुरायला सुरुवात केली.

“मॅडम, ती खराब झालीय.”

“हो.”

“अहो, चांगल्या मालात कशाला कालवताय?”

“नाहीतर याला बुरशी कोण लावणार? तू?”

काळी पूड दाण्यांवर पडत राहिली. मॅडमची बोटंही काळी झाली.

शंतनू बघत राहिला...

“म्हणजे मेलेल्या अळीवरचीच पूड उडून जिवंत अळ्यांवर...”

“पहिल्या वर्षाला शिकवतात हे. सुवर्णपदक कशात मिळालं रे तुला?”

“कीटकशास्त्रात.”

“अरे वा.”

त्याचे कान लाल झाले. मॅडमनी परात हलवली, दाणे वर-खाली केले.

“मेलेली एकही शिल्लक नाही?”

“नाल्याकडच्या दोन ओळींत असतील. तिथे चिखल होता... गेलो नाही.”

“आळस कामी आला म्हणायचा.”

“त्या आणून शेतभर पसरतो. पण उद्यापर्यंत काही होणार नाही. समितीला नुसती चाळण दिसेल. नापास करतील.”

“करतील.”

“वर्ष जाईल माझं.”

“जाईल.”

“आणि तुम्ही इथे वड्या करत बसणार?”

“बसणार.”

त्याला ओरडायचं होतं. मॅडमनी परातीवर ओलं फडकं टाकलं आणि नळाखाली हात धुतले. डाग गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा धुतले नाहीत.

बाहेर कुंपणापलीकडे त्याचं शेत होतं. इथूनही पानांतून पलीकडचं दिसत होतं.

शंतनूने पंपाचे पट्टे सोडले. पंप भिंतीला टेकवला.

“समितीला काय सांगू?”

“सांग, आठवड्याने या. शेत अजून पुरेसं घाण झालेलं नाही.”