मोठा कोण, राजा की सुभेदार?

कुसवलीचा पूल पुरात वाहून गेला, आणि तो पुन्हा बांधायचा कुणी यावर राज्यात मोठा वाद पेटला!

सुभेदार अंबरराव म्हणाले, "ओढा सगळ्या राज्याचा. पूल महाराजांनी बांधावा."

राजधानीतून यशोधर महाराजांचं उत्तर आलं, "गाव सुभ्यातलं. पूल सुभेदारांनी बांधावा."

निरोपे तेवढे इकडून तिकडे पळत राहिले, आणि गावकरी कमरेइतक्या पाण्यातून बाजाराला जात राहिले.

त्या बाजारात म्हाळसा चणे-फुटाणे भाजायची. एकदा ओढा ओलांडताना तिच्या लेकीचा पाय घसरला. वेणी म्हाळसाच्या हाताला लागली म्हणून पोरगी वाचली. त्या दिवसापासून म्हाळसाची जीभ कढईतल्या चण्यांपेक्षा जास्त तडतडायला लागली.

"काय गं म्हाळसा, पुलाचं काय झालं?" गिऱ्हाईक विचारायचं.

"चाललंय की! राजा सुभेदाराकडे बोट दाखवतो, सुभेदार राजाकडे. ती दोन बोटं जुळली, की त्यांच्यावरूनच जाऊ आपण पलीकडे!"

सगळा बाजार हसायचा. ते हसू पसरत पसरत राजधानीत पोचलं, आणि म्हाळसाला दरबारात बोलावणं आलं.

ती पोचली तेव्हा सुभेदार अंबररावही राजाशेजारी बसले होते.

"आमच्यावर बोलणारी ती तूच का?" राजाने दरडावून विचारलं.

"महाराज, मी फुटाणे विकते. बोलणं वर फुकट देते!"

दरबारी खुदकन हसले. राजाने भुवई चढवली. "राजकारण फार कळतं म्हणे तुला! मग सांग, या राज्यात मोठा कोण? मी की सुभेदार? 'दोघं सारखेच' हे चालणार नाही, आणि उत्तर आम्हा दोघांनाही पटलं पाहिजे. नाही पटलं, तर बाजारातून तुझी भट्टी उठलीच म्हणून समज!"

म्हाळसा पेचात पडली. राजाचं नाव घ्यावं, तर परत जाऊन सुभेदाराच्याच हाताखाली राहायचं. सुभेदाराचं घ्यावं, तर या दरबारातून बाहेर पडणंच कठीण!

ती म्हणाली, "महाराज, त्या ओढ्यात माझी लेक बुडता बुडता वाचली. पण पुलाची गोष्ट निघाली की तुम्ही म्हणता, 'सुभेदार बघतील.' सुभेदारसाहेब म्हणतात, 'महाराज बघतील.' म्हणजे तुमच्या मते ते मोठे, त्यांच्या मते तुम्ही! आता मी गरिबाने काय बोलावं?"

"शब्दांत पकडू नकोस! एकच उत्तर हवं!"

"मग आमच्याकडची रीत सांगते. घरातला कर्ता आम्ही पागोट्यावरून ओळखत नाही. छप्पर गळायला लागलं, की जो उठतो आणि 'हे माझं काम' म्हणतो, तो कर्ता. पटते का ही रीत?"

"पटते," राजा म्हणाला.

"न पटायला काय झालं?" अंबररावांनी मान डोलावली.

"झालं तर मग! कुसवलीच्या पुलाला जो 'माझं काम' म्हणेल, तोच या राज्यात मोठा!"

राजाने अंबररावांकडे पाहिलं, अंबररावांनी राजाकडे. आणि अंबरराव ताडकन उठले.

"पूल माझं काम!"

"खाली बसा, अंबरराव! ओढा आमच्या राज्यातला. पूल आमचं काम!"

"पण महाराज, गाव माझ्या सुभ्यातलं!"

"असेल! उद्याच आमचे सुतार निघतील!"

"माझे गवंडी आजच निघतात!"

म्हाळसाने पदर तोंडाला लावला. "भांडू नका, महाराज. आमच्या शिवेला अजून एक ओढा आहे. त्यालाही पूल नाही!"

राजा असा खदखदून हसला, की डोक्यावरची पगडी कलली. अंबररावांनाही हसू आवरेना.

"एकाच उत्तरात दोन पूल नेलेस की गं बाई!" राजाने डोळे पुसले, हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि म्हाळसाच्या लेकीसाठी तिच्या ओंजळीत ठेवलं.