गेनूनं रिकाम्या जागा भरल्या

माळेवाडीत गेनू नावाचा एक भोळा मेंढपाळ होता. एकदा सासुरवाडीला म्हणून निघाला आणि एसटीची पाटी वाचता न आल्यानं भलत्याच गावी उतरला. तिथल्या लोकांनी चहा पाजला, म्हणून दोन दिवस राहिलाही.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या कॉलेजातली पोरं-पोरी गावाला वाचायला शिकवायला आली. देवळामागच्या शाळेत दुपारी वर्ग भरू लागला. शिकवणारी तृप्ती जेमतेम एकोणीस वर्षांची. गेनू चाळिशीचा. पण तो तिला "बाई" म्हणायचा आणि तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "गेनूमामा, अक्षर दिसलं की गिरवायचं."

वाटेत वंचाबाई वांगी विकत बसली होती. तिच्या दंडावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं. गेनूनं तिचा हात धरला, खिशातला कोळसा काढला आणि गिरवायला लागला. वंचाबाईनं वांग्यांची अख्खी पाटी त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"अहो मामा," बाई म्हणाल्या, "माणसं गिरवायची नसतात! अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायचं."

"आलं ध्यानात," गेनू म्हणाला.

दोन महिने गेले. गेनूला अक्षरं जुळवता येऊ लागली. गावात मुलगी बघायला पाहुणे आले. पंगत बसली. गेनू वाढायला होता. मुलाच्या मामानं गेनूच्या हातात हळूच चिठ्ठी दिली, "आत मुलाच्या आईला दे." गेनूनं ती उघडली आणि पंगतीच्या मधोमध उभा राहिला.

"मु-ल-गी प-सं-त ना-ही. जे-वू-न ल-गे-च नि-घू."

मुलीच्या बापानं पाहुण्यांपुढची ताटं उचलली. पाहुणे उपाशी गेले.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मामा, दुसऱ्याची चिठ्ठी वाचून दाखवायची नसते. घडी घालायची आणि ज्याची त्याला मुकाट पोचवायची."

"असं व्हय? मग आधीच सांगायचं की!"

पुढल्या आठवड्यात गेनू मेंढरं घेऊन ओढ्याकडं निघाला. वळणावर पत्र्याची पाटी होती. 'पूल खचला आहे.' गेनूनं ती मनातल्या मनात वाचली. आपलं नाव कुठं दिसेना. पूल मात्र दिसला. म्हणजे पत्र पुलाचं. त्यानं पाटी उपटली, गुडघ्यावर दाबून घडी घातली, पुलावर नेऊन ठेवली आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. तासाभरानं उसाचा ट्रॅक्टर ओढ्यात बसला.

"मामा!" बाईंचा आवाज रडवेला झाला. "पाटी काय, कागद काय, जे सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं, ते वाचून तसंच करायचं असतं हो!"

बाई रडवेल्या झालेल्या बघून गेनूला फार वाईट वाटलं. आता कागदावर असेल तस्संच करायचं, त्यानं मनाशी पक्कं केलं.

परीक्षेचा दिवस आला. तालुक्याहून साहेब आले. वीस जणांची नावं होती, पण सुगीमुळं आठच आले. साहेब म्हणाले, "एवढ्यांसाठी वर्ग कशाला चालवायचा? बंद करू." बाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी कागद वाटले.

गेनूनं पहिला प्रश्न बोट ठेवून वाचला. 'रिकाम्या जागा भरा.'

त्यानं वर्गात नजर फिरवली, जागा मोजल्या आणि उठून बाहेर गेला.

आधी एक बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. मग लग्नाहून परतणारे सात बँडवाले, ढोलासकट. मग कल्हईवाला. मग भजनातले दोन म्हातारे. तरी एक जागा उरली. गेनूनं साहेबांच्या जीपमधून ड्रायव्हरला झोपेतून उठवून आणलं आणि बसवलं.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"बारा रिकाम्या होत्या साहेब. भरल्या," गेनू म्हणाला.

साहेबांनी त्याचा कागद उचलला. 'गाय ____ देते' इथपासून सगळं कोरं.

"अरे, ही रिकामी जागा भरायची होती! ही!"

गेनूनं वाकून त्या रेघेकडं नीट बघितलं. मग साहेबांकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. एवढ्याशा जागेत माणूस बसतोय व्हय?"