मागच्या दाराने आलेल्या भेटी

नदी जिथे वळसा घेते, तिथे एक लहानसं गाव वसलेलं होतं. जुन्या काळची गोष्ट. त्या गावात लिंबाजी नावाचा एक तरुण तांबट राहायचा. दिवसभर त्याच्या हातोडीची ठकठक चालायची. मनाने तो मोठा उदार. कुणाच्या तपेलीला भोक पडलं की तो ती सांधून द्यायचा आणि वर विचारायचा, "घरात आणखी काही गळतंय का?"

सगळ्यांशी तो असा मोकळा बोलायचा. फक्त एकीसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

ती होती भिवरा. त्याच्या दुकानासमोर, बोळ ओलांडला की तिचं घर. वडील वारल्यावर त्यांचा हातमाग तिने आपल्या हाती घेतला होता. घरात ती आणि तिची म्हातारी आत्या, दोघीच. आत्याची नजर पार गेलेली. भिवरा लुगडी विणायची, आणि रोज दुपारी रंगवलेलं सूत धुवायला नदीवर जायची.

लिंबाजीला ती फार आवडायची. आपण तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला सारखं वाटायचं. पण समोर जाऊन काही दिलं आणि ती 'नको' म्हणाली तर? त्या एका शब्दाची त्याला फार धास्ती होती. मग त्याने एक युक्ती काढली. गुपचूप द्यायचं. नाव नाही, गाव नाही, म्हणजे 'नको' म्हणायला समोर कुणी नाहीच!

एका दुपारी भिवरा नदीवरून आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिचा तडा गेलेला माठ जागेवर नव्हता. तिथे एक नवीकोरी तांब्याची घागर होती, काठोकाठ भरलेली.

"आत्या, कोण आलं होतं?"

"कोणी नाही गं. मला जरा डोळा लागला होता."

भिवराने शेजारच्या तानीकाकूंना विचारलं, आणखी दोन घरी विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. ती परत येऊन दारात उभी राहिली आणि तिने छातीवर हात ठेवला.

समोरच्या दुकानातून लिंबाजी पाहत होता. 'किती हरखली बिचारी!' असं मनाशी म्हणून तो जोरजोरात हातोडी मारू लागला.

पुढच्या खेपेला परसात लाकडं फोडून, रचून ठेवलेली होती. भिवराने त्या दिवसापासून मागच्या दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. लिंबाजीला वाटलं, कडी काय, एवढ्यातेवढ्याने अडून कसं चालेल? त्याने तांब्याची एक पातळ पट्टी ठोकून घेतली. दाराच्या फटीतून ती सरकवली की कडी अलगद वर उचलली जायची, आणि जाताना तशीच पुन्हा लावता यायची. आपल्या हुशारीचं त्याला भारी कौतुक वाटलं.

मग एका दुपारी भिवरा घरी आली, मागावर बसली आणि एकदम उठून भिंतीला टेकली. माग चालवताना पायाने दाबायची एक लाकडी पट्टी मोडायला आली होती. तिने ती कशीबशी दोरीने बांधून ठेवली होती. आता तिथे नवी पट्टी बसवलेली होती. वडील गेल्यापासून त्या मागाला तिच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. आज तिथे कुणीतरी बसलं होतं. आतून बंद असलेल्या घरात.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "आज तरी काही ऐकलंस?"

आत्याने तिचा हात चाचपडत धरला. "तुला सांगू नये म्हणून गप्प होते, पोरी. दुपारी कुणीतरी येतं. पावलं वाजतात. मी 'कोण आहे?' म्हणून हाक मारली की पावलं थांबतात. मग नुसता श्वास ऐकू येतो. पुष्कळ वेळ."

तो श्वास लिंबाजीचाच होता. म्हातारीने हाक मारली की तो जागच्या जागी थिजायचा, आणि ती पुन्हा पेंगेपर्यंत हलायचा नाही. तिकडे म्हातारीही हलायची नाही. दोघं एकमेकांना घाबरून तसेच राहायचे.

त्या दिवसापासून भिवराची झोप उडाली. नव्या घागरीतलं पाणी तिने ओतून टाकलं. मागावर बसली तरी पाठ दाराकडे करवेना, त्यामुळे काम निम्म्यावर आलं. सूत धुवायला जाताना ती आत्यालाही हाताला धरून नदीवर न्यायची. उन्हात म्हातारीचे पाय भाजायचे, पण दोघींपैकी कुणीच घरी थांबायला तयार नव्हती.

लिंबाजीने पाहिलं, भिवरा वाळत चालली आहे. डोळे खोल गेले आहेत. त्याचा जीव कळवळला. 'हिच्या पोटात नीट अन्न जात नाही वाटतं,' तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीपाशी डबाभर डिंकाचे लाडू ठेवून आला.

भिवराने ते लाडू पाहिले. तिने डबा परसात नेऊन मातीत पुरला.

बातमी गावभर झाली. कुणी म्हणालं, मुंजा आहे. कुणी म्हणालं, तिच्या बापाचाच जीव मागात अडकलाय. दुपार झाली की गल्लीतली दारं पटापट लागू लागली. बायका एकेकट्या नदीवर जाईनात. शेवटी चार जाणती माणसं पाटलांकडे गेली आणि पाटलांनी भिवराला बोलावून घेतलं.

"पोरी, तुझा दोष आहे असं कुणी म्हणत नाही," पाटील खाली बघत म्हणाले, "पण ते जे काही आहे, ते तुझ्या मागे लागलंय. साऱ्या गावाला घोर लागलाय. तू आणि आत्या काही दिवस दुसरीकडे गेलात तर..."

"जाऊ कुठे?" भिवराने विचारलं.

पाटील उठून आत गेले.

ही गोष्ट लिंबाजीच्या कानावर आली तेव्हा त्याच्या हातून हातोडी खाली पडली. आता तरी त्याने बोलायला हवं होतं. पण त्याने पुन्हा घाबरटाचाच विचार केला. 'एक शेवटची छानशी भेट ठेवू. एवढं चांगलं करणारा वाईट कसा असेल, हे तिला आपोआप कळेल.' त्याने तांब्याचं सुंदर निरांजन घडवलं, आणि दुपार होताच मागच्या भिंतीवरून परसात उतरला.

त्याला ठाऊक नव्हतं की त्या दुपारी भिवरा नदीवर गेलीच नव्हती. आत्याला तिने तानीकाकूंकडे बसवलं होतं. 'गाव सोडायचंच असेल तर निदान कुणामुळे सोडतेय ते तरी बघेन,' असं म्हणून ती मागाच्या आड बसली होती. हातात कोयता होता. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

दाराच्या फटीतून काहीतरी चकाकलं. कडी हळूच, एकटीच, वर उचलली गेली.

पावलं आत आली. थांबली. श्वास ऐकू आला.

भिवराने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून कोयता फिरवला.

ठण्णकन आवाज झाला. लिंबाजीने छातीशी धरलेल्या निरांजनाचे दोन तुकडे झाले आणि तो किंचाळत मागे कोलमडला. त्याच्या मनगटातून रक्ताची धार लागली. भिवराही किंचाळली. दोघांच्या ओरडण्याने सारी गल्ली धावून आली.

लोक बघतात तो काय! एका कोपऱ्यात भिवरा कोयता धरून उभी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात लिंबाजी जमिनीवर बसलेला.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग तानीकाकू ओरडल्या, "अगं बाई! लिंबाजी त्या भुताला धरायला शिरला असेल! केवढं धाडस!"

"होय, होय," लोक म्हणाले. "जीव धोक्यात घातला पोराने."

पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असंच ना रे?"

लिंबाजीने वर पाहिलं. नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. गाव त्याला डोक्यावर घेणार होतं. कदाचित भिवराही त्याचे उपकार मानणार होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अजून थरथरत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. एवढ्या दिवसांत त्याने तिला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. दुकानातून ज्याला तो हरखणं समजत होता, ते हे होतं.

"नाही," तो म्हणाला. "भूत नव्हतंच. सगळं मीच ठेवत होतो. घागर, लाकडं, लाडू, सगळं. मला ती आवडते. समोर जायची भीती वाटली म्हणून मागच्या दाराने येत राहिलो."

कुणीतरी फिसकन हसलं, पण भिवराचा चेहरा पाहून तेही गप्प झालं.

"तुला भीती वाटली," ती म्हणाली, "म्हणून तू ती माझ्या घरात आणून ठेवलीस? माझी आत्या तुला 'कोण आहे?' म्हणून विचारत होती, लिंबाजी. एवढा एक शब्द द्यायचास तिला. तो दिला नाहीस."

लिंबाजीने ती तांब्याची पट्टी कनवटीतून काढून पाटलांच्या हातात दिली. तानीकाकूंचा हात धरून आलेल्या आत्याच्या पायांवर सगळ्यांसमोर डोकं ठेवून तो निघून गेला. भिवराला गाव सोडायला आता कोणी सांगितलं नाही. पाटलांनी तर तिची माफीच मागितली. दुसऱ्या दिवशी घागर आणि लाडवांचा मातकट डबा लिंबाजीच्या दुकानाच्या पायरीवर परत आला. गावाने त्याला बरेच दिवस वाळीत टाकल्यासारखं केलं. फुटकी भांडी घेऊन लोक दुसऱ्या गावी जायचे.

बऱ्याच दिवसांनी, भर सकाळी, लिंबाजी बोळ ओलांडून भिवराच्या पुढच्या दाराशी आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मी लिंबाजी. काही हवंय का?"

आतून उत्तर आलं, "नको."

इतके दिवस ज्या शब्दाला तो भ्यायला होता, तो शब्द आला आणि गेला. लिंबाजीला काही झालं नाही. "बरं," म्हणून तो वळला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पुन्हा आला. पुन्हा "नको." तो पुन्हा "बरं" म्हणून गेला. असं पुष्कळदा झालं. त्याने ना खूण मागे ठेवली, ना वस्तू. हळूहळू आत्या त्याच्या हाकेवर "आला गं तो तांबट" म्हणून हसू लागली.

मग एकदा दार उघडलं. भिवरा उंबऱ्यावर आली.

"आत्याला पलीकडच्या गावी बहिणीला भेटायचंय," ती म्हणाली. "तिला एवढं चालवत नाही. गाडी जोडशील?"

लिंबाजी चकित झाला. एवढ्या भेटी दिल्या, पण ही गोष्ट त्याच्या कधी मनातसुद्धा आली नव्हती.

त्याने गाडी जोडली. तिघं गेली आणि आली. त्यानंतर भिवराने त्याला कधी हे सांगितलं, कधी ते. कधी नुसतंच बोलत बसली. आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न ठरलं.

लग्नात अंतरपाट दूर झाला. लिंबाजी हार हातात घेऊन तसाच उभा. भटजी खुणा करून थकले. शेवटी त्याने भिवराला विचारलं, "घालू का?"

सारा मांडव खो खो हसला. भिवरा मात्र हसली नाही. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, मान थोडी खाली केली आणि म्हणाली, "घाल."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याला 'नको' म्हणायची मोकळीक नाही, त्याच्या पदरात आपण कितीही चांगलं टाकलं तरी त्याच्या वाट्याला भीतीच येते. म्हणून देण्याआधी समोर जावं, आपलं नाव सांगावं आणि विचारावं.