हलीमाचा रंग परत घ्या!

"या पोरीला पौर्णिमेच्या आत गोरी करून आण! नाहीतर बापलेकीनं राज्य सोडायचं!"

राजा शुभ्रसेनाचा हुकूम ऐकून याकूब सिद्दी उभ्या जागी चक्रावला. पोर म्हणजे त्याची लेक, हलीमा. तिचा गुन्हा काय, तर महाराजांनी खाडीवर नवाकोरा संगमरवरी घाट बांधला आणि ही त्याच्या पायरीवर पाय सोडून बसली. काळ्या पायांनी घाट काळा पडणार, असं महाराजांच्या मनानं घेतलं.

"सरकार, पायरी पुसून पाहिलीत?" याकूबनं विचारलं.

"पाहिली."

"मग? काळी झालीय?"

"अजून नाही," प्रधानजी मध्येच म्हणाले, "पण होईल ना!"

याकूब खाडीत होडी चालवायचा. त्याचे पूर्वज कधीकाळी समुद्रापलीकडून आले आणि इथला भात, इथलं मीठ खाऊन इथलेच झाले. येताना अंगावरचा रंग तेवढा सोबत आणला होता. तोही कुणी काढून मागेल, असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

गावात उपायांना नुसता ऊत आला! शेजारीण वाटीभर साय घेऊन आली, तिची जाऊ मसुराचं पीठ घेऊन. दोघींचा रंग पाहता हे उपाय त्यांनी स्वतःवर केले नसावेत. राजवैद्यांनी फर्मावलं, "पोरीला फक्त पांढरं खायला घाला. भात, दही आणि मुळा!" हलीमानं मुळा पाहिला आणि भोकाड पसरलं.

मग एके सकाळी दोन शिपाई दारात हजर. हातात बादली आणि भलीमोठी वजरी.

"पोरीला बाहेर काढ. घासायचीय. सरकारी काम आहे!"

हलीमा बापाच्या पाठीमागे दडली. "अब्बा, लागेल?"

याकूब उंबऱ्यातच बसला. "हा रंग तिनं माझ्याकडून घेतलाय. घासायचं तर मुळापासून घासा. आधी मी!" आणि सदरा काढून त्यानं पाठ पुढे केली.

शिपाई घासू लागले. पाठ सोलवटली, तरी हा गडी उठेना. उलट दात आवळून म्हणतो कसा, "जरा वर घासा की! तिथं माझा हात पोचत नाही!" वजरी झिजली, शिपायांच्या तळहातांना फोड आले. शेवटी ते बादली तिथंच टाकून गेले.

पौर्णिमेला बापलेक दरबारात उभे राहिले. महाराज सिंहासनावर, मांडीवर छोटे युवराज.

"पोर तर काळीच आहे!"

"होय सरकार. मी दिलेला रंग आहे तो."

"दिलास ना? मग परत घे! बाप आहेस की नाही?"

"घेतो सरकार. पण मी पडलो अडाणी होडीवाला. दिलेलं परत कसं घ्यायचं, ते कुणा थोरानं करून दाखवावं. आपणही बापच आहात." याकूबनं हलीमाचं बोट घट्ट धरलं. "युवराजांना आपण नाक दिलंय. ते आधी परत घ्या. मी बघून शिकतो!"

दरबाराचा श्वासच अडकला. नाक! हा शब्द त्या राज्यात कुणी उच्चारत नसे. सर्दी झाली तरी लोक "डोकं गळतंय" म्हणत. चित्रकार महाराजांचं चित्र पाठमोरं काढत. आणि युवराजांचं नाक तंतोतंत वडिलांचं!

सेनापतींनी तलवार उपसली. तेवढ्यात युवराजांनी दोन्ही हातांनी नाक झाकलं आणि ते किंचाळले, "आबासाहेब, नको! माझं आहे ते!"

महाराजांनी घाईघाईनं लेकराला पोटाशी धरलं. "कोण घेतंय रे! तुला किती शोभतं ते!"

"माझ्या लेकीलाही तिचा रंग शोभतो, सरकार," याकूब म्हणाला.

महाराजांनी हलीमाकडे पाहिलं, मग युवराजांकडे. मग त्यांना हसू फुटलं आणि ते त्या थोर नाकातून असं काही बाहेर पडलं, की दारातला हत्ती उठून उभा राहिला!

"हुकूम रद्द! आजपासून घाट ज्याला पाय आहेत त्याचा! आणि या बापाला नवी होडी द्या!" महाराजांनी डोळे पुसले. "पोरी, तुला काय हवं?"

हलीमानं जरा विचार केला आणि युवराजांकडे बोट दाखवलं. "त्याला हात लावून बघू?"

युवराज मांडीवरून टुणकन उतरले आणि त्यांनी ऐटीत नाक पुढे केलं.