धुक्यातला पंचम

खाडीच्या काठी आंबेवेळ नावाचं गाव. तिथल्या रामेश्वराच्या ओवरीत नादगिरी महाराजांनी बारा वर्षं काढली. महाराज फारसं बोलत नसत. सकाळी एकदा षड्ज लावत आणि त्यातच तासन्‌तास बसून राहत. ऐकणाऱ्याला वाटे, हा सूर भिंतींतूनच येतोय.

त्या खाडीवर धुक्याच्या दिवसांत एक रीत होती. होडी सुटली की इकडे रामेश्वराची घंटा वाजवायची आणि पलीकडे पालवणात भगवतीची. रामेश्वराचा सा धरला, तर भगवतीची घंटा नेमकी पंचमात बोले. होडी हाकणाऱ्या तांडेलाने सा पाठीशी ठेवायचा, पंचम समोर ठेवायचा आणि वल्हं मारायचं. पण मध्ये खडपांपाशी, पाण्यातल्या कातळांपाशी, एक देऊळ कधीकाळी पाण्याखाली गेलं होतं. धुकं दाटलं की तिथलीही घंटा वाजे. कोण वाजवतं, हे गावात कोणी विचारत नसे. तिचा सूर पंचमाहून जेमतेम अर्धी पायरी खाली, तीव्र मध्यम. त्यालाच पंचम समजून लखू तांडेलाचा धाकटा भाऊ पांडू तिकडे गेला, तो परत आलाच नाही.

तेव्हापासून लखूने महाराजांचे पाय धरले. "म्हाराज, तेवढं अंतर मला वळखायला शिकवा. माजा कान दगडाचा हाय."

महाराज तांब्याची दोन भांडी एकामागोमाग वाजवत. बिचारा लखू बोटांवर सा, रे, ग मोजत वर चढे, तोवर नाद विरून जाई. कीर्तनकार वामनबुवा आठल्ये ओवरीत बसून हसत. कोणतेही दोन सूर डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखीन, असं ते दिवसातून दहादा सांगत, आणि खरं सांगायचं तर ओळखतही. "अरे लखू, तू मोजून वर पोचेस्तोवर देव कंटाळून घरी जाईल!" सगळी ओवरी खदखदा हसे. लखू मान खाली घाली.

महाराज म्हणाले, "लखू, मोजू नकोस. सा पोटात धर. दुसरा सूर आला, की तो साशी नांदतो का भांडतो, एवढंच बघ. आणि पुढचं वल्हं पाण्यात पडायच्या आत सांग."

वर्षभर प्रत्येक खेपेला लखूने हेच केलं. चुकला की स्वतःचाच कान पिळायचा आणि पुन्हा ऐकायचा.

पौषातल्या एका सकाळी लखूची लेक चंद्री अडली. मूल आडवं आलं होतं, आणि सोडवणारी सुईण पालवणात. धुकं असं, की वल्ह्याचं टोक दिसेना. लखूने लेकीला होडीत निजवलं. वामनबुवांचं पलीकडे कीर्तन, तेही बसले.

निम्म्या खाडीत पाठीमागचा सा ऐकू येईनासा झाला. पाणी एकदम गप्प. मग डावीकडून घंटा वाजली, गोड, अगदी जवळ.

"पंचम!" बुवा ओरडले. "वळव डावीकडे. पोर तडफडतेय, मोजत काय बसलास!"

लखूने डावीकडे वळायला वल्हं मारलंही. तेवढ्यात घंटेच्या मागून हाक आली, "दादा, इकडं ये. वाट हाय इकडं." पांडूचा आवाज! लखूचं वल्हं हवेतच थांबलं. चंद्री कण्हत म्हणाली, "बाबा, काका बोलावतायत."

लखू रडत ओरडला, "म्हाराज! माजा सा हरवला!"

आणि काय सांगावं! होडीच्या तळाच्या फळीतून षड्ज उमटला. महाराजांचाच! लखूच्या पायांतून तो पोटात चढला. डावीकडची घंटा पुन्हा वाजली, आणि त्या साशी अशी भांडली की दातांत कळ गेली.

"ह्यो पंचम न्हाय, बुवा!"

उजवीकडे, लांबवर, दुसरी घंटा वाजली. नांदली. पुढचं वल्हं पडायच्या आत लखूने होडी वळवली. क्षणभर धुकं फाटलं. डावीकडे हातभर पाण्याखाली काळा कळस होता, आणि पाण्याबाहेर आलेला घंटेचा दोर खाली-वर होत होता. धरणारं कोणी नव्हतं. पाठीमागून "दादा, दादा" ऐकू येत राहिलं. लखूने मागे पाहिलं नाही. देवा, भावाच्या हाकेकडे पाठ फिरवायची म्हणजे काय असतं!

चंद्री सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी लखू आणि बुवा ओवरीत आले. महाराजांची कफनी ओलीचिंब, ओठांवर मीठ वाळलेलं. शिष्य म्हणाले, काल सकाळपासून ते जागचे हललेसुद्धा नाहीत.

बुवा म्हणाले, "महाराज, माझा कान कधी चुकत नाही. मला तो पंचमच वाटला."

"बुवा, सा कुठला धरला होतात?"

"मनातला."

महाराज हळूच म्हणाले, "ती घंटा तिथेच येऊन बसली होती. तिने तुमचा सा आपल्याकडे खाली ओढला, म्हणून ती पंचम वाटली."

बुवा महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवलं आणि लखूकडे बोट केलं. लखू पाय मागे घेऊ लागला, पण बुवांनी त्या चिखलाच्या पायांवर कपाळ टेकलं आणि तसंच टेकून ठेवलं.

"लखू," ते म्हणाले, "ती अजून वाजतेय रे माझ्यात. मला सा दे."

लखूने डोळे मिटले आणि सा लावला.