दोन लिटर कुठं गेलं?

"...आणि इंजिन गार ठेवायला लाल कूलंट घातलं तर बिघडलं कुठं, वस्ताद? पाच वर्षं बघायला नको!"

दस्तगीर मिस्त्रींनी समोरचा कप उचलला. चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

विचारणारा हणमंत. गडहिंग्लजच्या या गॅरेजात नऊ वर्षं वस्तादांच्या हाताखाली राबलेला. हाताला गुण आहे, पण तोंडाला लगाम नाही. दसऱ्याला आजऱ्यात स्वतःचं गॅरेज काढायचं त्यानं ठरवलं होतं. गाळा घेऊन झाला, शटरही बसलं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. आमच्याकडं वस्तादानं "बस" म्हटल्याशिवाय चेला वेगळा बसत नाही. बसलाच, तर ड्रायव्हर लोक त्याच्या दारात गाडी लावत नाहीत.

महिना झाला, वस्ताद "बघू"च्या पुढं सरकत नव्हते. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

मी स्कूटरच्या क्लचवायरसाठी तिथं टायरवर बसलो होतो, म्हणून हे सगळं कानांवर पडलं.

समोर दौलूमामा कुंभारांचा पिकअप. वीस वर्षांचा. मागं घटस्थापनेचे घट, गवतात रचलेले. आजऱ्याकडून बाजाराला येताना चढाला गाडी तापली, म्हणून मामांनी सकाळीच इथं आणून लावली. आता ती गार झाली होती.

"आजवर काय पाजलंत हिला, मामा?" वस्तादांनी विचारलं.

"पाणीच की. आमच्या बोरचं. लई गोड हाय."

हणमंत फिस्सकन हसला. "तरीच! आतलं पाणी चहावाणी तांबडं झालंय. आता उंची लालच घालतो, वस्ताद."

"रेडिएटर कशाचा हाय रं?"

"पितळेचा."

"गाडीच्या पुस्तकात काय लिवलंय?"

"...हिरवं."

"पाहुणा म्हातारा असला की आधी पथ्य विचारावं. मग ताट वाढावं."

हणमंतानं हिरवं आणलं. खरं सांगतो, काम देखणं केलं पठ्ठ्यानं. खालचा नळ सोडला, इंजिनाचा बोल्टही काढला, आतून चार वेळा धुतलं. चौथ्या खेपेला पाणी नितळ आलं. मग कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं घेऊन आठ लिटर कालवलं आणि रेडिएटर काठोकाठ भरला. झाकण दाबून बसवलं.

"झालं! तोंडाशी आलंय. वर दोन लिटर वाचलंबी. मामा, घरला घेऊन जावा." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, आजऱ्यात असलं काम अर्ध्या तासात हातावेगळं करून दाखवतो बघा."

मामा खूश. किल्लीला हात घातला.

"हणमा," वस्ताद म्हणाले, "या गाडीत मावतं किती?"

"आठ!" फाडकन उत्तर आलं.

आणि स्वतःचंच उत्तर ऐकून त्यानं उरलेल्या डब्याकडं बघितलं.

"मग दोन लिटर कुठं गेलं?"

"...पण भरलंय की, वस्ताद. तोंडाशी दिसतंय."

"दिसतंय खरं."

वस्ताद उठले. झाकण काढलं. रेडिएटरच्या वरचा जाड रबरी पाइप मुठीत धरला, दाबला, सोडला... पुन्हा दाबला.

भडभड करून आतून बुडबुडे आले. हिरवं पाणी हां हां म्हणता बोटभर खाली गेलं. मग दिसेनासंच झालं.

मला हसू आलं होतं, पण हणमंताचा चेहरा बघून गिळलं.

"हवा," तो म्हणाला. "आत हवा अडकल्याली. अशीच चढाला लागली असती तर इंजिनाचं हेड गेलं असतं... मामा मधल्या रस्त्यात बसलं असतं, घट घेऊन."

वस्ताद परत चहाकडं वळले. तो पार निवला होता.

"वस्ताद... दसऱ्याचं राहू द्या. माझी मलाच लाज वाटाय लागलीय."

"गाडी बघ आधी."

हणमंतानं झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं. फडक्यानं पाइप दाबायचा, बुडबुडे यायचे, पाणी उतरायचं, तो थोडं ओतायचा. परत दाबायचा. नऊ वर्षांत इतका वेळ गप्प राहिलेला हणमंत गॅरेजनं पहिल्यांदाच बघितला असेल.

अर्धा तास गेला. मामांची चुळबूळ सुरू झाली.

"बाजार उठंल रं पोरा! भरलं की आता. मलाबी दिसतंय."

हणमंतानं पाइपावरचा हात काढला नाही.

"थांबा, मामा. मला अजून ठावं न्हाई."

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

आणखी चार बुडबुडे आले. मग दोन. मग बराच वेळ एकही नाही. डब्यातलं शेवटचं पाणी हणमंतानं ओतलं, डबा उलटा करून बघितला, कापडानं रेडिएटरचं तोंड पुसलं आणि झाकण लावलं.

"आता आठ झालं," तो हळूच म्हणाला. कुणाकडं बघितलं नाही.

मामा चढून बसले, गाडी मागं घेतली. वस्ताद खिडकीपाशी गेले. दारावर हात ठेवला.

"मामा, पुढच्या खेपेला एवढ्या लांब कशाला येतायसा? आजऱ्यात हणमा बसतोय की."