केरू गोफण्या आणि पावशा

फार वर्षं झाली. इतकी, की चिंचदऱ्यातल्या चिंचा तेव्हा लावायच्या होत्या आणि गावाचं नावही काही वेगळंच होतं म्हणे. तेव्हा या गावात घरोघरी कोंबड्या होत्या आणि त्या कोंबड्यांचा राखणदार होता केरू. माळावरच्या मचाणावर तो गोफण घेऊन बसायचा. त्याच्या गोफणीतून सुटलेला धोंडा हवेत वळून पाखराचा माग काढायचा, असं म्हणतात.

धोंड्याचं सोडा, पण केरूच्या नजरेला खरोखर तोड नव्हती. आभाळातला ठिपका बघून तो नाव सांगायचा. शेपटीला खाच दिसली की घार. ती गोल गोल फिरत राहणार आणि संधी साधून पोराच्या हातची भाकरीसुद्धा पळवणार, मग पिल्लाची काय कथा! कापशी घार मात्र पांढरी, लाल डोळ्यांची, एकाच जागी पंख फडफडवत हवेत टांगल्यागत राहणारी. "तिला कुणी धोंडा मारायचा न्हाई," केरू बजावायचा. "शेतातलं उंदीर कोण मारतं? तुमचा बा?" सर्पगरुड शीळ घालत गेला की तो हात जोडायचा, कारण तो साप खातो. बहिरी ससाणा उंचावरून कोसळतो, पण त्याचा डोळा उडत्या कबुतरावर, अंगणातल्या कोंबडीवर नाही. गिधाड जित्याला शिवत नाही. आणि घुबडाच्या पंखाला आवाज नसतो, म्हणून दिवस कलला की खुराडं लावा.

खरा वैरी एकच, शिक्रा. हाताएवढं पाखरू, पण अस्सल चोर. झाडाच्या आडून निघणार, जमिनीला घासून येणार, आणि कोंबडीनं मान वर करायच्या आत पिल्लू उचलून पसार होणार.

एका वर्षी वैशाखात असाच एक शिक्रा गावाच्या मागे लागला. रोज कुणाच्या तरी अंगणात पिसं पडलेली असायची. केरूची गोफण फिरायची, धोंडा रिकामा जायचा. चावडीवर लोक त्याची थट्टा करू लागले. "केरू, डोळं गेलं असतील तर मचाणावर हौसाला बसव," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हौसा म्हणजे त्याची बायको. केरूच्या अंगाची आग आग झाली. "उद्या तो शिक्रा हितं आणून टाकतो, न्हाईतर गोफण हाती धरणार न्हाई," असं तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना तो मचाणावर चढला. तेवढ्यात चिमण्या-बुलबुलांनी एकच कालवा केला. वडाकडून एक राखी पाखरू येत होतं, शेपटीवर पट्टे, चार वेळा पंख मारून मग तरंगत जायची शिक्र्याचीच तऱ्हा. केरूनं गोफण फिरवली. पाखरू खाली पडलं.

लोक धावत आले. डफ वाजू लागला, कुणी केरूला खांद्यावर घेतलं. आणि तिथं, खांद्यावर बसल्या बसल्या, त्यानं हातातल्या पाखराकडे नीट पाहिलं. चोचीला आकडा नव्हता. पायाला वाकड्या शिकारी नख्या नव्हत्या. बोटं मऊ, किडे-अळ्या खाणाऱ्या पाखराची.

तो पावशा होता. अंगानं, रंगानं, उडण्यानं हुबेहूब शिक्र्यासारखा दिसणारा, पण कुणाचं काही न घेणारा. मृगाच्या तोंडाला 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून सांगणारा.

केरूनं मूठ मिटली. चोच आत, पाय आत. "शिक्राच हाय!" तो म्हणाला. डफ आणखी जोरात वाजला. घरामागं जाऊन त्यानं पाखरू स्वतःच पुरलं आणि हात तीन-तीनदा धुतले. हौसानं विचारलं, "अवं, काय झालं?" तो भिंतीकडे तोंड करून पडला.

मृग आला. पाऊस पडला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला. पण चिंचदऱ्याची रीत अशी, की शिवारातल्या वडावरून पावशा बोलल्याशिवाय पेरणीची पाभर जमिनीला लावायची नाही. सारं गाव कान देऊन बसलं. वड मुका. शेजारच्या गावांत पेरण्या उरकल्या, त्यांच्या रानात हिरवे कोंब दिसू लागले, आणि इथं बैल नुसते गोठ्यात रवंथ करत उभे. वाफसा हातचा चालला होता. "पाखरू बोललं न्हाई तवर पाभर हालायची न्हाई," गावचे म्हातारे देवबा म्हणाले. लोक केरूला विचारायचे, "तुला सारी पाखरं कळत्यात. पावशा कुठं गेला असंल रं?" तो जमिनीकडे बघायचा. त्याला आपल्याच अंगाची किळस आली होती. रस्त्यात समोरून पोर आलं तरी तो वाट सोडून काटेरी कुंपणाला चिकटायचा.

शेवटी एक दिवस तो चावडीवर आला. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं जमिनीवर ठेवलं.

"तो शिक्रा नव्हता," तो म्हणाला. "पावशा हुता. मीच मारला. वळखला, तरी खोटं बोललो."

कुणी धोंडा उचलला नाही. कुणी शिवी दिली नाही. देवबांनी फक्त मान फिरवली, आणि ते केरूला धोंड्याहून जड गेलं. लोकांनाही मान वर करवेना, कारण डफ त्यांनीच वाजवला होता आणि पाखराचे पाय बघावे असं एकालाही वाटलं नव्हतं.

"मंग आता बोलनार कोन?" देवबा हळूच म्हणाले.

केरू उठला. बोडक्या डोक्यानं शिवाराच्या कडेनं चालू लागला आणि ओरडू लागला, "पेरते व्हा! पेरते व्हा!" माणसाचा आवाज तो, भसाडा, रडका. कुणी हललं नाही. मग हौसानं बियाण्याची ओटी बांधली, एकटीच पाभरीमागं जाऊन उभी राहिली. "आबा," ती देवबांना म्हणाली, "बैल जुपा. त्येंचा गळा जाईस्तवर वाट बघनार हाय का?"

बैल जुंपले गेले. पेरणी चालली तोवर केरू ओरडत होता. खाल्लं नाही, बसला नाही. त्याचा गळा फाटला, मग बारीक झाला, मग चढत चढत असा गेला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शेवटच्या वावरात शेवटची मूठ पडली, तेव्हा साद वडाच्या शेंड्यावरून येत होती, असं म्हणतात. माणूस कुठं दिसला नाही. कुणी म्हणतं, लाजेनं घाट उतरून गेला. हौसा मात्र रोज वडाखाली जाऊन बसायची आणि वर बघून घरच्या गोष्टी सांगायची.

अजून चिंचदऱ्यात केरूच्या नावानं पेरणीआधी एक जण शिवाराला फेरी घालतो. दरवर्षी नव्या घराची पाळी. हातात काही घ्यायचं नाही, डोकं बोडकं. पण 'पेरते व्हा' म्हणायच्या आधी त्यानं चावडीवर, सगळ्यांसमोर, सालभरात दडवलेली आपली एक लबाडी सांगायची. ती ऐकल्याशिवाय कुणी पाभर हलवत नाही. एका साली देवबांच्याच घराण्यातल्या एका मिशाळ गड्याची पाळी आली. सकाळची दुपार झाली, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. बैल जुंपलेले, आभाळ भरलेलं. कुणी घाई केली नाही, कुणी हसलं नाही. त्याला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणून सारं गाव खाली जमिनीकडे बघत उभं राहिलं. तेव्हा कुठे तो बोलला.